आमच्याकडे असंच खेळतात



लुडोत सोंगटी बाहेर काढायला सहाच पडावा लागतो, की एकावरही चालतं? बघा, लगेच कुजबुज सुरू झाली. दोन्ही बाजूंना आपलाच नियम खरा वाटतो, कारण लुडो आपण पुस्तक वाचून शिकत नाही, आतेभावाकडून शिकतो. गल्लीतल्या क्रिकेटमधला 'एक टप्पा आउट' तर कुठल्याच नियमपुस्तकात नाही. पण तो का आला हे सगळ्यांना ठाऊक असतं. जागा कमी, खेळणारे कमी, आणि एखादा पोरगा बॅट सोडायला तयार नाही!

मी बोलणार आहे ते मात्र टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांबद्दल, म्हणजे मुख्यतः 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'बद्दल. ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. एक जण डंजन मास्टर म्हणजे डीएम होतो, तो जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, काय करायचं ते तोंडाने सांगतात, आणि जमलं की फसलं हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. कॅम्पेन कधी कधी वर्षानुवर्षं चालतं. त्यामुळे नियम बदलला की नुसता डाव बदलत नाही, कुणाचं तरी दोन वर्षं जपलेलं पात्र मरतं किंवा वाचतं.

या खेळाची गंमत अशी की तो जन्मलाच अर्धवट. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तीन छोट्या पुस्तिका काढल्या. त्यांत इतक्या फटी होत्या की पदरचं काही घातल्याशिवाय खेळणं अवघडच. लढाईसाठी तर 'चेनमेल' या वेगळ्याच युद्धखेळाकडे बोट दाखवलेलं होतं. लेखकांचंही म्हणणं हेच होतं की उरलेलं तुमचं तुम्ही रचा. लोकांनी रचलं. गावागणिक खेळ वेगळा झाला.

मग स्पर्धा आल्या. १९७५च्या 'ओरिजिन्स' संमेलनात 'टूम ऑफ हॉरर्स' हे भुयार स्पर्धेसाठी वापरलं गेलं. एकच भुयार अनेक गट खेळणार आणि कोण सरस ते ठरवायचं, तर प्रत्येक टेबलावर वेगळा कायदा कसा चालेल? १९७७ ते १९७९ या काळात 'ॲडव्हान्स्ड डी अँड डी'ची तीन जाड पुस्तकं आली, आणि ज्या गायगॅक्सनी आधी रान मोकळं सोडलं होतं तेच आता सगळीकडे सारखं खेळा म्हणून आग्रह धरू लागले. त्यात पुस्तकं विकण्याचा भाग होताच. पण नुसता तेवढाच होता असं मला वाटत नाही.

कारण छापील नियम अनोळखी माणसाच्या कामाचा असतो. आज बंगळुरूत नोकरीला आलेली मुलगी नव्या टेबलावर बसते, शेजारी कोची आणि गुवाहाटीचे लोक, चौघांची मातृभाषा वेगळी. त्यांच्यात समान असं एक पुस्तक असतं. 'ॲडव्हेंचरर्स लीग' या अधिकृत खेळात घरचे नियम चालत नाहीत ते यासाठीच. तिथलं पात्र उचलून दुसऱ्या शहरातल्या टेबलावर नेता यायला हवं.

उलट वाहतूकही चालते. फाशावर वीस पडले की दुप्पट इजा, हा नियम कित्येक टेबलांवर आवडीने चालायचा. १९७९च्या डीएमच्या पुस्तकाने तो साफ नाकारला. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत 'क्रिटिकल हिट' मूळ नियमांत दाखल झाला. जखम भरणारं औषध प्यायला २०१४च्या नियमांत पूर्ण 'ॲक्शन' खर्च व्हायची. म्हणजे प्यायलात की त्या पाळीत तलवार चालवणं संपलं. ते लोकांना पटेना, म्हणून अनेक टेबलांनी ते 'बोनस ॲक्शन'मध्ये बसवलं. २०२४च्या पुस्तकात तेच छापून आलं.

तेव्हा घरचा नियम म्हणजे बंडखोरी, असं काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. घरचा नियम सगळ्यांना सारखा वाटतो आणि नेमका एकाच्याच डोक्यावर बसतो, हे करणाऱ्याला दिसत नाही.

एक फार लाडका नियम घ्या. फाशावर एक पडला की हातातलं शस्त्र गळून पडतं. ऐकायला मजेशीर. आता हिशोब करा. एका वाराला एक पडण्याची शक्यता पाच टक्के. पाचव्या पातळीच्या योद्ध्याला एका पाळीत दोन वार मिळतात, म्हणजे निदान एकदा एक पडण्याची शक्यता जवळजवळ दहा टक्के. विसाव्या पातळीला चार वार, म्हणजे साडेअठरा टक्के. राज्यातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज साधारण दर पाच-सहा पाळ्यांत एकदा तलवार पाडतो! जो जितका निष्णात तितका वेंधळा. आणि शेजारचा जादूगार आगीचा गोळा फेकतो, त्याला फासा टाकावाच लागत नाही. फासा टाकायचा तो शत्रूने, बचावासाठी. नियम सगळ्यांसाठी, आणि हसं फक्त योद्ध्याचं. असा योद्धा खेळणारी एक ताई मी पाहिली आहे. तिने भांडण केलं नाही. तिसऱ्या वेळेस तलवार पडल्यावर ती फोन बघत बसली, आणि पुढच्या रविवारी आली नाही.

याहून वाईट नियम म्हणजे न सांगितलेला. डीएमच्या पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा असतो, त्यामागे तो फासे टाकतो. कथेसाठी एखादा फासा बदलणारे डीएम खूप आहेत. मला ते आवडत नाही, पण ज्या टेबलावर हे सगळ्यांना माहीत आणि मान्य आहे तिथे माझं काय जातं? गाडं अडतं ते नंतर. एकाचं पात्र चमत्काराने वाचतं, महिन्याभराने दुसरीचं मरतं, आणि ती विचारते, "दादा, त्याला वाचवलंस ना?" यावर पुस्तक उघडून काय दाखवणार?

खेळ सुरू असताना नियम आठवला नाही, तर डीएमने तिथल्या तिथे निवाडा करावा. रात्री अकराला पानं उलटत बसण्यात अर्थ नाही. पण तो निवाडा तेवढ्या वेळेपुरता. पुढेही तसंच हवं असेल तर सत्र संपल्यावर सगळ्यांना विचारून लिहून ठेवावं. आमच्याकडे यासाठी एक पान आहे. नवा माणूस पहिला फासा टाकण्याआधी ते वाचतो आणि हरकत घेऊ शकतो. शस्त्र गळण्याचा नियम असाच एका नव्या मुलाच्या हरकतीवरून गेला. औषधाची ओळ २०२४नंतर खोडली, आता ती पुस्तकातच आहे. एका ओळीपुढे मात्र अजून प्रश्नचिन्ह आहे: टेबलाखाली गेलेला फासा धरायचा की नाही. तीन मतं बाजूने, तीन विरुद्ध, आणि डीएम म्हणतो मी यात पडणार नाही.