नाव आणि नाते : ट्राउट माशांची वंशकथा
(विज्ञान मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका पालकांनी मला विचारले, ‘सर, थंड मुलखातल्या या माशाशी आमच्या मुलांचा संबंध काय?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्यापूर्वी माझ्या हातून झालेली एक चूक आपल्यासमोर कबूल करतो.

बी.एस्सी.च्या वर्गाला मी प्राणिशास्त्र शिकवीत असे. एका चाचणीत, भारतात बाहेरून आणलेल्या माशांची शास्त्रीय नावे विचारली होती. एका विद्यार्थ्याने रेनबो ट्राउटपुढे ‘ऑन्कोरिंकस मायकिस’ असे लिहिले. माझ्या जुन्या टिपणवहीत ‘साल्मो गेर्डनेरी’ होते. मी तांबडी रेघ ओढली आणि एक गुण कापला. मुलगा काही न बोलता उत्तरपत्रिका घेऊन गेला. पुढे नवे पुस्तक हाती आले तेव्हा कळले की, चूक त्याची नव्हती, माझी होती.

आता हे नाव का बदलले ते पाहू.

ट्राउट आणि सामन हे मासे एकाच कुलातील. पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्यामध्ये एक लहानसा मांसल पर असतो, ही त्यांची सहज दिसणारी खूण. हे कुल पुरातन आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात सापडलेल्या ‘इओसाल्मो’ या माशाचे जीवाश्म सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्याचे वर्णन 1977 साली प्रसिद्ध झाले. त्याही फार पूर्वी, सुमारे 8 ते 10 कोटी वर्षांमागे, या कुलाच्या पूर्वजात एक विलक्षण घटना घडली. त्याचा संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाला. म्हणजे प्रत्येक जनुकाची जादा प्रत तयार झाली. 2014 साली रेनबो ट्राउटचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्या दुप्पट जोड्यांपैकी जवळजवळ निम्म्या अजून टिकून असल्याचे दिसले.

इतकी जुनी वंशावळ माणसाने प्रथम लावली ती डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणांवरून. लिनीयसने 1758 साली युरोपातील नदीतला, ओढ्यातला आणि समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट यांना तीन वेगळ्या जाती ठरवले. आज हे तिन्ही एकाच ‘साल्मो ट्रुटा’ जातीचे मानले जातात. पाणी व अन्न बदलले की रंग आणि आकार बदलतो, रक्त बदलत नाही.

रेनबो ट्राउटच्या बाबतीत उलट चूक झाली. 1836 मध्ये रिचर्डसन या निसर्गशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेतील या माशाला ‘साल्मो गेर्डनेरी’ म्हटले आणि युरोपीय ट्राउटच्या प्रजातीत बसवले. तोंडवळा सारखा, म्हणून घराणेही एक! परंतु हाडांचा बारकाईने अभ्यास झाला, जनुकांची तुलना झाली, तेव्हा त्याचे जवळचे नाते पॅसिफिक महासागरातील सामनांशी निघाले. त्या सामनांची प्रजाती ‘ऑन्कोरिंकस’, म्हणजे आकडेदार मुस्कटाचा. विणीच्या काळात नराचा जबडा आकड्यासारखा वळतो, त्यावरून हे नाव पडले. शिवाय रशियाच्या कामचाटका भागातील ट्राउट आणि हा रेनबो ट्राउट एकाच जातीचे ठरले. कामचाटकाच्या माशाला वालबाऊम यांनी 1792 सालीच ‘मायकिस’ हे नाव दिले होते. नियमाप्रमाणे जुन्या नावाचा मान आधी. 1989 साली स्मिथ आणि स्टिअर्ली या दोघा शास्त्रज्ञांनी हा पुरावा मांडला आणि शंभराहून अधिक वर्षे रुळलेले नाव बाजूला झाले.

आपल्या देशातही अशी फसवणूक आहे. काश्मीरमध्ये ब्रिटनहून आणलेला तपकिरी ट्राउट 1900 साली रुजला. पण तेथील नद्यांत पूर्वीपासून राहणाऱ्या ‘स्नो ट्राउट’ला साहेबांनी ट्राउट म्हटले ते केवळ दिसण्यावरून आणि राहणीवरून. त्याला तो मांसल पर नाही. तोंडाशी मिशा आहेत. हा ‘शायझोथोरॅक्स’ आपल्या रोहू, कटला आणि महसीर यांचा भाऊबंद आहे.

कोणी म्हणेल, नावात चूक झाली तर बिघडले काय? कोलोरॅडो राज्यातील उदाहरण ऐका. तेथील ‘ग्रीनबॅक’ नावाचा कटथ्रोट ट्राउट नामशेष झाला असे मानले जात होते. 1950च्या दशकात तो पुन्हा सापडल्याची वार्ता आली. मग वर्षानुवर्षे खर्च करून तो वाढवला गेला, ओढ्या-ओढ्यांत सोडला गेला. 2012 मध्ये संशोधकांनी एकोणिसाव्या शतकात संग्रहालयात बाटलीबंद झालेल्या माशांचे जनुक तपासले. निष्पन्न काय, तर वाढवलेले पुष्कळसे मासे ग्रीनबॅक नव्हतेच. खरा ग्रीनबॅक उरला होता फक्त बेअर क्रीक या एका लहान ओढ्यात! तेवढ्या माशांपासून पुन्हा प्रारंभ करावा लागला. 2022 साली हर्मन गल्च या ओढ्यात ते आपोआप पिले देत असल्याचे आढळले, तेव्हा कुठे हायसे वाटले. चुकीच्या नावाखाली खरा मासा नजरेआडच संपून गेला असता.

विद्यार्थी मित्रांनो, शास्त्राची नावे बदलतात म्हणून शास्त्र कच्चे आहे असे समजू नका. पुरावा समोर आला की आपले म्हणणे मागे घेण्याची तयारी, हीच त्याची ताकद. मात्र नाव बदलणाऱ्याने पुरावा दाखवला पाहिजे. मनाला आले म्हणून बदलता येत नाही.

आणि पालकहो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. त्या मुलाला हे नाव गावच्या वाचनालयातील एका मासिकात मिळाले होते. मी पुढे त्याला शोधून माझी चूक सांगितली. तो म्हणाला, ‘सर, मला ठाऊक होते, पण तुमच्यापुढे बोलायचे कसे?’ गेलेल्या गुणापेक्षा हे वाक्य मला अधिक लागले. घरात किंवा वर्गात एखादे मूल म्हणाले की ‘पुस्तकात हे निराळे आहे’, तर त्याला गप्प बसवू नका. ‘कशावरून?’ एवढेच विचारा आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या.