पामचा एकच कोंब

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत अंगणे लहान आणि माती काळी, चिकण. तेथील काटक पाम ऊन सोसतो; त्याला घात करते ते पावसाळ्यात मुळांशी तुंबलेले पाणी आणि मालकाची घाई.

कडुनिंब छाटला तरी बाजूने फुटतो. पामच्या खोडाला मात्र शेंड्याशी एकच कोंब असतो; तो गेला की ते खोड गेले. म्हणून पान पिवळे दिसताच कोयता उचलू नये. ते जुने आहे की नवे, हे प्रथम पाहावे.

खालचे एखादे पान वाळणे हा वयाचा धर्म होय. परंतु जुन्या पानांवर नारिंगी ठिपके पडून टोके करपू लागली, तर पालाशाची उणीव समजावी. पालाशयुक्त खत द्यावे. पण ती पाने पूर्ण वाळेपर्यंत कापू नयेत. झाड त्यांतीलच पालाश नव्या पानांना पुरवीत असते.

मधले कोवळे पान मलूल होऊन ओढताच हाती आले व दुर्गंधी सुटली, तर कोंब कुजू लागला आहे. सडका भाग काढून तेथे बोर्डो मलम लावावे. शेजारच्या पामांवर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे.

पानांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसल्यास ते गेंडा भुंग्याचे काम. त्याला तारेच्या आकड्याने ओढून काढावे, आणि त्याच्या अळ्या ज्यात वाढतात तो शेणखताचा खड्डाही उपसावा.

करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. उपचाराचे यश पुढच्या नव्या पानात दिसते. तोवर धीर धरावा.