अर्धं उत्पन्न, पण कशाचं अर्धं?

(वसंत व्याख्यानमालेत मे २०२५मध्ये दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी करवजावटी’. टीडीएस म्हणजे काय, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. निदान कापला गेलेला तरी ठाऊक आहे. (हशा) तेव्हा ते सोडतो. मला बोलायचंय ते रोजकीर्दीबद्दल. रोज रात्री, जेवायला बसण्याआधी, दिवसाची जमा आणि खर्च लिहायचा.

“कीर्द कशाला? ४४एडीए आहे ना!” पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मला हे वाचता येतंय. आहे ना. २०१६च्या अर्थसंकल्पानं दिलेली सोय आहे. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंटिरियरवाले अशा ठरावीक व्यावसायिकांची वर्षाची जमा पन्नास लाखांच्या आत असेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. खर्चाच्या पावत्या मागत नाहीत. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल, तर मर्यादा ७५ लाख. सोय चांगलीच आहे. पण निम्मं कशाचं?

माझ्याकडे एक इंटिरियर डिझायनर बाई आल्या. वर्षभरात खात्यात जमा चाळीस लाख. म्हणजे उत्पन्न वीस लाख. बाई म्हणाल्या, “अहो, माझ्या हाती आठसुद्धा उरले नाहीत!” खरंच होतं. गिऱ्हाइकं फीबरोबर प्लायवूडचे, लॅमिनेटचे, बिजागऱ्यांचे पैसेही यांच्याच खात्यात टाकत होती. फी कुठली आणि प्लाय कुठलं, लिहिलेलं नाही. बिलं काही यांच्या नावावर, काही गिऱ्हाइकाच्या, काहींवर नुसतं ‘कॅश’. सुताराला एका दिवसात अठरा हजार रोख! एकाच माणसाला दिवसात दहा हजारांवर रोख दिली, तर तो खर्च धरतच नाहीत. पेट्रोलच्या पावत्या मात्र डब्यात नीट ठेवलेल्या. डबा उघडला, तर सगळ्या कोऱ्या. त्या कागदावरची अक्षरं उष्णतेनं उमटलेली असतात, हळूहळू उडून जातात. आणि हिशेब जपायचा असतो कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षं. म्हणून पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा.

मग व्हॉट्सॲप उकरत बसलो. “ताई, प्लायचे ६० टाकले.” साठ काय, हजार? (हशा) “बिजागऱ्यांचे नंतर बघू.” कुठल्या बिजागऱ्या? स्वयंपाकघरातल्या एका ट्रॉलीपायी आमचं फोनवर भांडण झालं. गिऱ्हाइकाच्या नावावरची बिलं होती, तेवढी रक्कम वेगळी काढायचा मुद्दा तरी मांडता आला. आणि त्या उकराउकरीत बाईंना कळलं, की दोन फ्लॅटच्या कामात त्यांनी पदरचे पैसे घातले होते! कर राहू द्या बाजूला, आपली फी किती असावी हेच त्यांना माहीत नव्हतं.

मागून सीएसाहेब हात हलवताहेत. हो, हो, मान्य. उत्पन्न करपात्र असताना निम्म्याहून कमी दाखवायचं, तर वह्या लागतात आणि ऑडिटही लागतं. म्हणूनच तर सांगतोय! मार्चमध्ये बसून मागचा जून लिहिता येत नाही. कुणी म्हणेल, हा गृहस्थ स्वतःचा धंदा वाढवतोय. उलट आहे. कीर्द आणणाऱ्याकडून मी फी कमी घेतो. (एक आवाज : किती?) ते बाहेर सांगतो. (हशा)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय पाच मिनिटांत!

नव्या करप्रणालीत वजावटी गेल्या म्हणतात. विमा, पीपीएफ यांच्या गेल्या, व्यवसायाच्या खर्चाच्या नाही. ऑफिसचं भाडं, वीज, मदतनिसाचा पगार, व्यवसायकराचे अडीच हजार, संगणकावर ४० टक्के घसारा. घेतला त्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापरला, तर त्या वर्षी घसारा निम्मा. घरातूनच काम करत असाल, तर भाड्याचा वाजवी हिस्साच. निम्म्याच्या सोयीत मात्र हे सगळं आलंच, वेगळं मागता येत नाही. त्या मंडळींनी आगाऊ कर एकदाच भरायचा, १५ मार्चपर्यंत. नवं विधेयक फेब्रुवारीत संसदेत आलंय, कलमांचे आकडे बदलतील. त्यावर पुढच्या वर्षी, बोलावलंत तर.

एक प्रश्न घेतो. रिक्षावाला पावती देत नाही, मग? स्वतः व्हाउचर लिहा : तारीख, कुठून कुठे, कुणाच्या कामाला, किती रुपये. खाली सही. आणि त्याच रात्री लिहा. बरं, माइक त्या ताईंना द्या.