थोरवी डोंगरावरची आणि पायथ्याची

नाताळ जवळ आला की आमच्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न निघतो. ख्रिस्ती ताईंच्या प्रार्थनेत ऐश्वर्य, वैभव, महिमा असे शब्द येतात. पण येशू तर सुताराच्या घरात वाढला. त्याचं कसलं ऐश्वर्य?

प्रश्न रास्त आहे. ऐश्वर्य म्हटलं की आपल्याला बंगला-गाडी दिसते. असे जड शब्द साध्या बायकांना कळत नाहीत, हे पंडिता रमाबाईंनी ओळखलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, पुस्तक १९२४ साली निघालं. छपाईच्या कामाला आश्रमातल्याच बायका होत्या.

तर आपणही मूळ शब्द बघू. नवा करार ग्रीक भाषेत आहे. त्यात थोरवीसाठी एक शब्द येतो, 'मेगालेइओटेस'. घाबरू नका. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो ना, त्यातलाच हा 'मेगा'. आपला 'महा' त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे अर्थ झाला थोरपण, माहात्म्य.

हा शब्द तिथं फक्त तीनदा येतो. एकदा तर चक्क एका देवीबद्दल! इफिस शहरात अर्तमी देवीचं मोठं देऊळ होतं. देमेत्रिय नावाचा सोनार तिचे चांदीचे देव्हारे करून विकायचा. पौलाच्या उपदेशानं गिऱ्हाईक तुटायला लागलं, तेव्हा त्यानं कारागीर गोळा केले. म्हणाला, आपला धंदा बसेल आणि देवीचं माहात्म्यही जाईल. आधी धंदा, मग देवी. मला त्याचा राग येत नाही. माग बंद पडायची वेळ आली की माणूस काय काय बोलतो, ते भिवंडीत आपण ऐकलेलं आहे.

दुसऱ्यांदा पेत्राच्या पत्रात. येशू डोंगरावर तेजानं उजळला, ती थोरवी आम्ही डोळ्यांनी पाहिली, असं तो सांगतो.

तिसरी जागा मला सगळ्यात आवडते. लूकही तो डोंगर सांगतो, पण हा शब्द तिथं वापरत नाही. दुसऱ्या दिवशी सगळे खाली उतरतात. गर्दीतून एक बाप ओरडतो, माझा एकुलता एक मुलगा आहे, त्याच्याकडे बघा. पोराला झटके येतात, तोंडाला फेस येतो. शिष्यांच्यानं काही झालं नाही. येशू त्याला बरं करतो आणि बापाच्या हाती परत देतो. तेव्हा लोक थक्क होतात, आणि देवाची थोरवी हा शब्द लूक तिथं लिहितो. पायथ्याला, धुळीत, एका हैराण बापापाशी.

अशी लेकरं आपल्या पाड्यांवरही आहेत. फेफरं हा मेंदूचा आजार आहे, त्यावर औषध आहे. झटका आला तर चप्पल-कांदा हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच दवाखान्यात न्या. आणि सुरू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.