‘मोशुलू’ची चाकरी

श्रोतेहो, जहाज म्हातारं झालं की त्याचं काय होतं? बहुतेकांच्या नशिबी भंगारवाल्याचा हातोडा असतो. पण अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरी, डेलावेअर नदीच्या धक्क्याला, चार डोलकाठ्यांचं एक जुनं जहाज उभं आहे. त्याच्या पोटात आज उपाहारगृह आहे. या जहाजाचं नाव ‘मोशुलू’.

स्कॉटलंडमधल्या पोर्ट ग्लासगो इथं १९०४ साली ते एका जर्मन मालकासाठी बांधलं गेलं. सांगाडा पोलादी, नाव ‘कुर्ट’. जाताना कोळसा न्यायचा आणि येताना चिलीहून खतासाठी लागणारं नायट्रेट आणायचं, ही त्याची पहिली चाकरी. १९१४ साली महायुद्ध पेटलं तेव्हा ते अमेरिकेच्या ऑरेगॉन किनाऱ्याला अडकलं. १९१७ साली अमेरिकाही युद्धात उतरली आणि सरकारनं ते ताब्यात घेतलं. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या पत्नी ईडिथ यांनी त्याला नवं नाव दिलं, ‘मोशुलू’. सेनेका या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘निर्भय’ असा सांगतात.

१९३५ साली फिनलंडच्या ओलंड बेटांवरच्या गुस्ताफ एरिकसननं ते विकत घेतलं. तुम्ही म्हणाल, आगबोटींच्या जमान्यात शिडाचं जहाज घेणारा हा कोण वेडा? वेडा मुळीच नाही, पक्का हिशेबी माणूस! वाऱ्याला पैसे पडत नाहीत. खलाशांत बरीचशी उमेदवार पोरं असत आणि ती काम शिकण्यासाठी उलट मालकालाच फी देत. जहाजांचा विमाही तो उतरवत नसे. माल कोणता, तर ऑस्ट्रेलियाचा गहू. तो नासत नाही, त्याला घाई नसते; चार महिने जहाजातच राहिला तर वखारीचं भाडं वाचतं.

१९३८ साली अठरा वर्षांचा एक इंग्रज मुलगा बेलफास्टला या जहाजावर उमेदवार म्हणून चढला. तो एरिक न्यूबी. पुढे गंगेतून होडीनं प्रवास करून ज्यानं पुस्तक लिहिलं, तोच हा लेखक. १९३९ साली ‘मोशुलू’नं गहू भरून ऑस्ट्रेलियाचं पोर्ट व्हिक्टोरिया सोडलं, केप हॉर्नला वळसा घातला आणि ९१ दिवसांत आयर्लंडचं क्वीन्सटाउन गाठलं. गव्हाच्या जहाजांमध्ये त्या वर्षी तेच पहिलं आलं. न्यूबीनं १९५६ साली या सफरीवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच ती ‘शेवटची’ शर्यत आहे. कारण पाठोपाठ दुसरं महायुद्ध आलं. त्याच शर्यतीतलं ‘ऑलिव्हबँक’ त्याच सप्टेंबरात सुरुंगावर आदळून बुडालं.

‘मोशुलू’ जर्मनांच्या हाती पडलं. त्याच्या डोलकाठ्या उतरवल्या गेल्या. युद्धानंतर आधी स्वीडनमध्ये आणि मग फिनलंडमध्ये त्याची धान्याची वखार झाली. सात समुद्र ओलांडून गहू नेणारं जहाज आता गहू पोटात घेऊन जागच्या जागी उभं राहिलं.

१९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका उपाहारगृहाच्या कंपनीनं ते घेतलं, नव्या डोलकाठ्या चढवल्या आणि १९७५ साली फिलाडेल्फियात तिथं पानं मांडली गेली. जिथं खलाशी खारवलेलं मांस चघळत, तिथं पांढऱ्या चादरींची मेजं आली. १९८९ साली आग लागून सगळं बंद पडलं. १९९६ साली ते पुन्हा उघडलं. २००० सालच्या मे महिन्यात ते ज्या धक्क्याला बांधलेलं होतं, तोच कोसळला. धक्क्यावरच्या नृत्यगृहातल्या तीन स्त्रिया त्यात दगावल्या. जहाज वाचलं, त्याला नंतर दुसऱ्या धक्क्याला हलवलं.

आता कुणी म्हणेल, ही तर विटंबना झाली! डोलकाठ्या नव्या, आतली लाकडी सजावट नवी, मग जुनं उरलं काय? उरला तो पोलादी सांगाडा. आणि तो उरला, याचं कारण त्याच्यातली रिकामी जागा दर वेळी कुणाच्या तरी उपयोगी पडली. हे जहाज शोभेसाठी बांधलेलंच नव्हतं. नायट्रेट, गहू, वखार आणि आता जेवणावळी, प्रत्येक वेळी त्यानं आपलं भाडं कमावलं. एरिकसनचंच ‘पोमर्न’ मारिहामनला संग्रहालय म्हणून जपलं आहे आणि ते उत्तमच. पण प्रत्येक जुन्या जहाजाला असा सांभाळणारा मिळत नाही.

तेव्हा कधी फिलाडेल्फियाला जाणं झालंच, तर जेवायला बसण्यापूर्वी जरा धक्क्यावर उभे राहा आणि त्या काळ्या पोलादी कुशीकडे नीट पाहून घ्या. केप हॉर्नच्या लाटा तिनंच अंगावर घेतल्या आहेत.