शाळेचें ग्रंथालय आणि सरकारी मनाई

नागपूर जिल्ह्यांतील सावनेर या गांवीं २३ जानेवारी १९१९ रोजीं राम गणेश गडकरी यांनीं देह ठेवला. त्यांचें 'राजसंन्यास' नाटक अपुरेंच राहिलें. त्यांतील संभाजी महाराजांच्या चित्रणावर आक्षेप घेऊन जानेवारी २०१७ मध्यें पुण्याच्या संभाजी उद्यानांतील गडकऱ्यांचा पुतळा उखडण्यांत आला. या नाटकांत असें आहे तरी काय, असें सावनेरच्या एखाद्या विद्यार्थ्यानें विचारलें, तर शाळेनें काय करावें? पुस्तक त्याच्या हातीं देऊन त्याच्याशीं बोलावें, हा एक मार्ग. कपाटाला कुलूप घालावें, हा दुसरा. कोणतें पुस्तक शाळेंत नको हें सरकारनें परिपत्रकानें ठरविणें म्हणजे हा दुसरा मार्ग होय. आणि तो शिक्षणाच्या हिताचा नाहीं.

हा रोग जुना आहे. शिक्षणखात्याच्या आश्रयानें निघणारें 'शालापत्रक' विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या संपादकत्वाखालीं टीका करूं लागलें, आणि १८७५ सालीं सरकारच्या अवकृपेनें तें बंद पडलें. शास्त्रीबोवा १८८२ सालीं वारले. तरीहि त्यांच्या 'आमच्या देशाची स्थिति' या निबंधाची धास्ती सरली नाहीं. १९१० सालीं तो सरकारजमा झाला आणि १९३७ सालीं मोकळा झाला. १९१० सालीं ज्यानें शाळेंत पाऊल टाकलें, तो बंदी उठेपर्यंत स्वतः मुलाबाळांचा धनी झाला होता! अमळनेरच्या शाळेंत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींचा 'पत्री' हा १९३५ सालचा काव्यसंग्रह ब्रिटिश सरकारनें जप्त केला. आज त्यांतलेंच देशगीत शाळाशाळांतून म्हटलें जातें. सरकारची भीति ओसरली, पुस्तक उरलें.

यावर कोणी म्हणेल, तें सरकार परकें होतें, आजचें आपलें आहे. गोष्ट खरी. पण म्हणूनच आजच्या कायद्यानें मनाईला कांहीं बंधनें घातलीं आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या ९८ व्या कलमान्वयें राज्य सरकारला पुस्तक जप्त करतां येतें. परंतु कारणें नमूद करावीं लागतात, आणि दोन महिन्यांच्या आंत उच्च न्यायालयाकडे दाद मागतां येते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील ग्रंथावर महाराष्ट्र सरकारनें २००४ सालीं घातलेली बंदी २००७ सालीं उच्च न्यायालयानें उठविली, व २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. ग्रंथ कोणास आवडो वा न आवडो, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या गेल्या.

शाळेच्या यादींतून गुपचूप गळणाऱ्या पुस्तकाच्या नशिबीं हें भाग्य नसतें. तेथें कारण कोणी लिहीत नाहीं आणि दाद मागावयास कोणी पुढें येत नाहीं. शिवाय परिपत्रकांत नांव एकाच पुस्तकाचें असलें, तरी भ्यालेला मुख्याध्यापक दहा पुस्तकें काढतो, आणि पुढच्या वर्षीं तशा प्रकारचीं पुस्तकें विकतच घेत नाहीं. ही न लिहिलेली बंदी सर्वांत लांब पल्ल्याची.

मुलांचें वय पाहून पुस्तकें निवडावीं, याविषयीं दुमत नाहीं. परंतु निवडणें वेगळें आणि आलेलें पुस्तक त्यांतील विचार रुचत नाहीं म्हणून हाकलणें वेगळें. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील एका शाळामंडळानें ग्रंथालयांतून पुस्तकें काढलीं, तेव्हां विद्यार्थ्यांनींच दावा लावला. १९८२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयांत न्यायाधीशांचें पूर्ण एकमत झालें नाहीं; तथापि केवळ विचार नापसंत म्हणून शालेय ग्रंथालयांतून पुस्तक काढतां येत नाहीं, हें मत मुख्य निकालपत्रांत नमूद झालें. आपल्याकडे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांतच प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, त्यांत वर्तमानपत्रें, मासिकें आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांचीं पुस्तकें असावींत, असें म्हटलें आहे. सर्व विषय म्हणजे सरकारला सोयीचे तेवढेच विषय नव्हेत.

तेव्हां रीत सोपी असावी. पुस्तकें शिक्षकांनीं निवडावींत. ज्याला आक्षेप असेल त्यानें तें पुस्तक आधीं सबंध वाचावें आणि आक्षेप लेखी द्यावा. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटांतच राहावें, व निर्णयाचीं कारणें शाळेच्या फलकावर लागावींत. आईबापांनीं आपल्या मुलापुरतें खुशाल ठरवावें. दुसऱ्याच्या मुलापुरतें नव्हे.

शहरांतील सुशिक्षित घरांना हा प्रश्न दूरचा वाटेल. त्यांच्या मुलाला शाळेंत न मिळालेलें पुस्तक दुकानांत मिळतें. पण सावनेरच्या भोंवतालीं संत्र्यांच्या बागांत आणि कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या घरांत पुस्तकांचें कपाट क्वचितच असतें. तेथल्या मुलाला शाळेचें कपाट हेंच एकुलतें एक. त्यांतून काढलेलें पुस्तक त्याच्या लेखीं जगांतूनच नाहींसें होतें, आणि काय नाहींसें झालें हें त्याला कधीं कळतहि नाहीं.