भक्तांची वस्ती आणि मौनी वृत्तपत्रे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

धर्मपंथांतील अतिरेकी भक्ती आणि राजकीय बातम्यांतील पक्षपात हे दोन निरनिराळे विषय आहेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पहिल्याचा विचार अंधश्रद्धाविरोधी चळवळीने करावा आणि दुसऱ्याचा पत्रकारांच्या संघटनांनी, अशी जणू वाटणीच होऊन गेली आहे. परंतु हे दोन्ही प्रवाह जेथे एकमेकांना मिळाले आणि त्या संगमावर एका दिवसात नऊशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली, असा एक प्रसंग अलीकडच्या इतिहासात घडून गेला आहे. समाजवादी कार्यकर्त्याने तो विशेष लक्षपूर्वक अभ्यासला पाहिजे. कारण मेलेली माणसे स्वतःला समाजवादी म्हणवीत होती, आणि त्यांच्या नेत्याला ज्यांनी मोठे केले ते राजकारणी पुरोगामी म्हणून ओळखले जात होते.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर गयाना हा देश आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांचे वंशज तेथे मोठ्या संख्येने राहतात. या देशाच्या दाट जंगलात ‘पीपल्स टेंपल’ नावाच्या अमेरिकन पंथाने जोन्सटाउन ही वसाहत उभारली होती. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी तेथील ९०९ स्त्रीपुरुष व मुले मेली, बहुतेक सारी सायनाइड मिसळलेल्या सरबताने. त्यांत तीनशेच्या आसपास लहान मुले होती. ज्यांनी प्यायला नकार दिला असता, त्यांच्याभोवती बंदूकधाऱ्यांचा पहारा होता. जगभरच्या वृत्तपत्रांनी या घटनेला ‘सामुदायिक आत्महत्या’ असे नाव दिले. ज्या बालकांना स्वतःचे मरण कळतही नव्हते, त्यांनी आत्महत्या केली असे म्हणणे हाच बातमीतील पहिला अन्याय होय.

दुसरा अन्याय असा की, ही सारी माणसे वेडगळ होती असे चित्र रंगविले गेले. वस्तुस्थिती निराळी आहे. पंथाचा संस्थापक जिम जोन्स याने १९५० नंतरच्या दशकात इंडियानापोलिस शहरात आपले कार्य सुरू केले, तेव्हा गोरे आणि काळे लोक तेथे एका देवळात शेजारी बसत नसत. त्याने ते बसविले. निरनिराळ्या वंशांची मुले दत्तक घेतली. १९६१ साली शहराच्या मानवी हक्क आयोगाचा तो संचालक झाला. पुढे १९६५ मध्ये सुमारे दीडशे अनुयायांसह तो कॅलिफोर्नियात गेला आणि सत्तरीच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को व लॉस एंजलिस येथे त्याने मोठी प्रार्थनामंदिरे उभी केली. तेथे भुकेल्याला जेवण मिळे, म्हाताऱ्याला निवारा मिळे, व्यसनी तरुणाला उपचार मिळत, कोर्टकचेरीत सापडलेल्या गरिबाला वकील मिळे. अनुयायांत बहुसंख्या काळ्या श्रमिकांची होती आणि त्यांतही वयस्क स्त्रिया पुष्कळ होत्या. ज्यांना समाजाने कधी मान दिला नाही, त्यांना तेथे नावाने हाक मारली जाई. अशा माणसांनी आपली पेन्शन, घरे आणि अखेर मुलेही पंथाच्या स्वाधीन केली, यात मूर्खपणापेक्षा कृतज्ञता अधिक होती. अतिरेकी भक्तीचे मूळ पुष्कळदा असेच असते. समाजाने आणि शासनाने जी जागा रिकामी सोडली, ती कोणीतरी भरून काढतो आणि मग तिची किंमत मागतो.

येथे किंमत मोठी होती. प्रवचनांत खोटे चमत्कार करून रोग बरे केल्याचे दाखविले जाई. चुकणाऱ्याला भर सभेत मार बसे. नवरा बायकोवर आणि मूल आईबापांवर पाळत ठेवी. पंथ सोडणाऱ्याला द्रोही ठरविले जाई. या गोष्टी बाहेर कोणालाच ठाऊक नव्हत्या असे मात्र नाही, आणि वृत्तपत्रांचा प्रश्न येथेच सुरू होतो.

१९७२ च्या सप्टेंबरात ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर’ या दैनिकाचे धर्मविषयक लेखक लेस्टर किन्सॉल्व्हिंग यांनी पंथावर आठ लेखांची माला लिहिली. चार लेख प्रसिद्ध झाले. पंथाच्या अनुयायांनी कचेरीसमोर निदर्शने केली, खटल्याची भाषा झाली आणि उरलेले चार लेख छापलेच गेले नाहीत. पंथाने यातून धडा घेतला. वृत्तपत्रावर दडपण आणता येते, हे त्याला कळले. आणि त्याला गोंजारताही येते, हेही त्याने ओळखले. मुद्रणस्वातंत्र्याच्या रक्षणासाठी म्हणून पंथाने डझनभर वृत्तपत्रांना देणग्या दिल्या. संपादकांना अभिनंदनाच्या पत्रांचे गठ्ठे जात. पंथाचे स्वतःचे ‘पीपल्स फोरम’ हे पत्र घरोघर फुकट वाटले जाई.

राजकारण्यांशी संबंध तर याहून सोपे होते. निवडणुकीत हुकुमासरशी शेकडो माणसे पत्रके वाटायला आणि सभा भरवायला पाठविणारा नेता कोणत्या उमेदवाराला नको असतो? १९७५ मध्ये जॉर्ज मॉस्कोनी हे उदारमतवादी उमेदवार थोड्या मतांनी महापौर झाले. जोन्सच्या अनुयायांनी त्यांच्यासाठी राबणूक केली होती. पुढच्या वर्षी त्यांनी जोन्सची नेमणूक शहराच्या गृहनिर्माण आयोगावर केली आणि १९७७ मध्ये तो त्याचा अध्यक्ष झाला. १९७६ च्या निवडणुकीत रोझलिन कार्टर त्याला भेटल्या. विली ब्राउन या विधिमंडळ सदस्याने त्याच्या गौरवसमारंभात मार्टिन ल्यूथर किंग, आइन्स्टाइन आणि माओ यांच्या पंक्तीला त्याला बसविले. हे सारे लोक दुष्ट नव्हते. वंशभेदाविरुद्ध लढणारा माणूस आपल्या बाजूचा आहे, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले होते. आणि आपल्या बाजूच्या माणसाची चौकशी करणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे, हा समज त्यांच्यात होता आणि त्यांच्याशी सहानुभूती बाळगणाऱ्या पत्रकारांतही होता.

म्हणूनच ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चा बातमीदार मार्शल किल्डफ याला आपला शोध स्वतःच्या दैनिकात मांडता आला नाही. त्याने फिल ट्रेसी या पत्रकाराबरोबर तो ‘न्यू वेस्ट’ या नियतकालिकात मांडला. लेख थांबावा म्हणून तेथेही फोन आणि पत्रे यांचा भडिमार झाला. परंतु १९७७ च्या ऑगस्टमध्ये लेख निघाला. पंथ सोडलेल्या दहा माणसांनी आपली नावे आणि छायाचित्रे देऊन मारहाणीची व लुबाडणुकीची हकीकत त्यात सांगितली होती. लेख बाहेर पडण्यापूर्वीच जोन्स गयानाला निघून गेला होता. महापौरांनी चौकशी करण्याचे नाकारले. पाच वर्षांपूर्वी उरलेले चार लेख छापले गेले असते, तर पुढचे सारे टळलेच असते असे कोणी सांगू शकणार नाही. परंतु या पाच वर्षांत जे हजारो लोक पंथात आले, त्यांना निदान सावध होण्याची संधी मिळाली असती, एवढे निश्चित.

आता जंगलातील त्या वसाहतीकडे वळावे. तेथे पारपत्रे काढून घेतली जात आणि पत्रे वाचून मगच पुढे पाठविली जात. वर्तमानपत्र कोणाच्या हाती पडत नसे. बातम्या मात्र भरपूर होत्या. ध्वनिवर्धकावरून जोन्स स्वतः जगाच्या बातम्या वाचून दाखवी आणि वाचता वाचता त्यांचा अर्थही सांगे. अमेरिकेत काळ्या लोकांसाठी छळछावण्या उभ्या राहत आहेत, बाहेर सर्वत्र शत्रू टपलेले आहेत, हे शेतात राबणाऱ्या माणसांच्या कानांवर रात्रंदिवस पडे. बातम्या ध्यानात राहिल्या की नाहीत, याची परीक्षाही घेतली जाई. त्या वसाहतीतील शेकडो ध्वनिफिती पुढे अमेरिकन तपासयंत्रणेच्या हाती लागल्या. त्यांवरून दिसते की, चमत्कारांची गरज तेथे संपत आली होती आणि त्यांची जागा बातम्यांनी घेतली होती. ज्याच्या हाती बातमीचे एकुलते एक कर्णे आहेत, त्याला वेगळा देव व्हावे लागत नाही.

बाहेरच्या जगाला सूचना मिळाली नव्हती असेही नाही. नातेवाइकांनी संघटना करून तक्रारी केल्या. १९७८ च्या जूनमध्ये वसाहतीतून निसटलेल्या एका तरुणीने प्रतिज्ञापत्रावर सांगितले की, तेथे सामुदायिक मरणाच्या तालमी चालतात. अखेर लिओ रायन हे काँग्रेसचे सदस्य पत्रकारांसह नोव्हेंबरात तेथे गेले. पंधराएक माणसांनी परत जाण्याची इच्छा सांगितली. १८ तारखेला विमानतळाच्या धावपट्टीवर रायन, तीन पत्रकार आणि पंथ सोडणारी एक स्त्री अशा पाच जणांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या ‘एक्झामिनर’ने १९७२ मध्ये लेखमाला मध्येच थांबविली, त्याचा तरुण छायाचित्रकार ग्रेग रॉबिन्सन हा त्या मृतांत होता.

त्यानंतर काही तासांतच शेवटची सभा भरली. तिचीही ध्वनिफीत उपलब्ध आहे. जोन्स म्हणत होता की, हे मरण म्हणजे क्रांतिकारक कृत्य आहे. त्या सभेत ख्रिस्टीन मिलर नावाची एक वयस्क काळी स्त्री उभी राहिली. आता रशियाला जाता येणार नाही का, असे तिने विचारले. मुलांना जगण्याचा हक्क आहे, हे तिने मांडले. जिवंत आहोत तोवर आशा आहे, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. तिला गप्प बसविण्यासाठी जोन्सला फारसे काही करावे लागले नाही. सभेतल्याच लोकांनी आरडाओरडा करून तिला खाली बसविले. त्या दिवसाची सर्वांत भयंकर गोष्ट विषाचे पिंप ही नव्हे. आपल्याच मुलांच्या जिवाची बाजू घेणाऱ्या बाईला त्या मुलांच्या आईबापांनी गप्प केले, ही होय.

मित्रहो, या प्रसंगाचा बोध परदेशापुरता ठेवून चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बजावले होते की, धर्मातील भक्ती कदाचित आत्म्याच्या मुक्तीकडे नेईल, पण राजकारणातील भक्ती व विभूतिपूजा अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा आज सर्वच पक्षांच्या व्यासपीठांवरून सांगितला जातो. मात्र तो सांगताना बोट नेहमी दुसऱ्याच्या नेत्याकडे असते.

बातमीच्या बाबतीतही तसेच होते. भांडवलदारी वृत्तपत्रे मालकाच्या हितसंबंधांप्रमाणे बातमी वाकवितात, हे समाजवादी कार्यकर्ता योग्यच सांगतो. बाबांच्या आश्रमाच्या पानभर जाहिराती छापणारे दैनिक त्या आश्रमाविषयी मौन का पाळते, हेही तो सांगू शकतो. हरियाणातील सिरसा येथे ‘पूरा सच’ नावाचे छोटे पत्र चालविणारे रामचंदर छत्रपती यांनी २००२ साली एका डेऱ्यातील साध्वीचे निनावी पत्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांत त्यांचा अंत झाला. डेऱ्याच्या प्रमुखाला बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली ती २०१७ साली. मधल्या पंधरा वर्षांत त्या डेऱ्याच्या मतांसाठी राजकीय पक्षांची ये-जा चालूच होती. महाराष्ट्रात ‘साधना’चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. प्रश्न विचारणाऱ्याला काय मोल द्यावे लागते, हे येथे कोणाला नव्याने सांगावे लागू नये.

परंतु जोन्सटाउनची शिकवण याच्या पुढची आहे. तेथे बातमी दडपली ती केवळ पैशासाठी नव्हे. ती दडपली गेली चांगल्या हेतूंच्या लोभाने. ‘आपला माणूस आहे, सध्या नको,’ या पाच शब्दांत पुरोगामी पक्षपाताचे सारे तत्त्वज्ञान सामावलेले असते. चळवळीच्या पत्रात नेत्याच्या दौऱ्याची बातमी येते, पण त्याच्या संस्थेतील कामगारांना पगार मिळाला नाही ही बातमी येत नाही. सभेला आलेल्या गर्दीचा आकडा फुगविला जातो. पक्ष सोडणारा कालचा साथी एका रात्रीत विकला गेलेला ठरतो. यांतील एकेक गोष्ट किरकोळ भासते. पण कुंपण असेच एकेक काटकी रोवून उभे राहते.

महाराष्ट्राच्या परंपरेत याहून निराळा मार्गही आहे. ‘केसरी’त आपले सामाजिक विचार मोकळेपणाने मांडता येत नाहीत असे दिसताच गोपाळ गणेश आगरकरांनी १८८७ साली त्याचे संपादकत्व सोडले आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. त्यांचा मतभेद परक्या सरकारशी नव्हता. जिवलग सहकाऱ्यांशी होता आणि स्वतःच्या समाजाशी होता. त्यांनी तो छापला.

तेव्हा कार्यकर्त्याने दोन कामे एकाच वेळी करावीत. ज्या वस्तीत रेशन, दवाखाना आणि आधार यांची उणीव आहे, तेथे बाबा पोचण्यापूर्वी संघटना पोचली पाहिजे. उपाशी माणसाला भक्तीवर व्याख्यान देणे हा क्रूरपणा आहे. आणि ती संघटना पोचल्यावर तिने कृतज्ञतेच्या मोबदल्यात मौन मागता कामा नये. पक्षाच्या पत्रात विरोधी मताला जागा आहे काय, संघटना सोडणाऱ्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतो काय, हे वर्षातून एकदा ठरावात नव्हे, तर दर आठवड्याला अंकात दिसले पाहिजे.

प्रत्येक शाखेच्या प्रत्येक सभेत कोठेतरी मागच्या रांगेत एक ख्रिस्टीन मिलर बसलेली असते. ती उभी राहील तेव्हा अध्यक्षांचे वर्तन महत्त्वाचे आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचे आहे ते तिच्या शेजारी बसलेल्यांचे वर्तन. त्यांनी तिला बोलू दिले, तर ती संघटना लोकशाही समाजवादाची. त्यांनी तिला खाली बसविले, तर व्यासपीठावर तसबीर कोणाचीही असो, तेथे पंथ स्थापन झाला असे समजावे.